पुन्हा सायकल घेताय? आठवणी घरी ठेवून दुकानात जा

‘लहानपणी तासावर भाड्याने मिळेल ती सायकल दामटली, कधी काही अडलं नाही. आता पैसे हातात आहेत, पण दुकानात उभं राहिलं की काहीच कळत नाही.’ पंचेचाळिशी-पन्नाशीच्या वाचकांचा हा प्रश्न शब्द बदलून सारखा येतो. त्याला जोडून आणखी तीन-चार प्रश्न येतात. गिअरची घ्यावी का? गुडघे दुखतील का? नातवाला कोणत्या मापाची घ्यावी? माळ्यावरच्या जुन्या सायकलीचं काय करावं?

गोंधळ होणं साहजिक आहे. आपल्या वेळी निवड दोनच गोष्टींची असायची: बावीस इंची की चोवीस इंची, आणि दांडीची की लेडीज. २०२०च्या टाळेबंदीनंतर सायकलींना अशी मागणी आली की दुकानांचा चेहराच बदलला. आज नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी निघते. शेजारचे गृहस्थ ‘बीआरएम’ करतात, म्हणजे साडेतेरा तासांच्या आत दोनशे किलोमीटर. दुकानदारही समोरचा प्रत्येक माणूस त्याच वाटेवरचा आहे असं धरून माल दाखवतो. हा लेख मात्र भाजी आणायला, ऑफिसला किंवा सकाळी दहा-वीस किलोमीटरच्या फेरीला सायकल हवी असलेल्यांसाठी आहे.

आधी रस्ता ठरवा, मग सायकल

दुकानात जाण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहा. रोज किती अंतर जाणार, वाटेत चढ किती, आणि सायकल रात्री कुठे ठेवणार. एवढं लिहिलंत की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

- बिनागिअरची साधी सायकल: सांगली-मिरजेसारख्या सपाट गावात चार-पाच किलोमीटरच्या कामांना ही पुरते. देखभाल कमी आणि कोपऱ्यावरचा कोणताही मिस्त्री ती दुरुस्त करतो. साधारण सहा ते दहा हजारांत चांगली मिळते. लोक तिला उगाच कमी लेखतात.
- हायब्रिड: सरळ हँडल, मोठी पण बारीक चाकं, ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर. डांबरी रस्ता आणि त्यावरचे खड्डे दोन्ही सोसते. तुमच्यापैकी बहुतेकांना हीच लागणार आहे. पंधरा ते तीस हजारांत कामाची मिळते.
- एमटीबी: जाड, खडबडीत टायरची. शेतातली, कच्च्या रस्त्यावरची ये-जा असेल तरच घ्या. डांबरावर हे टायर घरघरतात आणि तुमची ताकद खातात.
- रोड बाइक: वाकड्या हँडलची, वेगाची. वर्षभर नियमित चालवून झाल्यावर विचार करा. पहिली सायकल म्हणून नको.
- घडीची सायकल: जागा नसलेल्या फ्लॅटसाठी. लांबच्या फेरीला नाही.
- ई-सायकल: चढाचं गाव, दुखरे गुडघे किंवा घामाघूम न होता ऑफिस गाठायचं असेल तर उत्तम. तिचे नियम पुढे दिले आहेत.

गिअरचं म्हणाल तर रत्नागिरी-साताऱ्यासारख्या चढउताराच्या गावात ते हवेतच. पण ‘२१ गिअर’ या स्टिकरला भुलू नका. पुढे तीन चकत्या आणि मागे सात, असा तो गुणाकार असतो. त्यातल्या कितीतरी जोड्या एकसारख्याच पडतात, आणि काहींमध्ये चेन तिरकी ओढली जाऊन झिजते. पुढे एक आणि मागे सात-आठ एवढं रोजच्या वापराला पुष्कळ आहे. बिघडायलाही कमी.

दुकानात काय पाहायचं, काय सोडायचं

स्वस्त सायकलीवर नजरेत भरणाऱ्या दोन गोष्टी असतात: पुढचं सस्पेन्शन आणि डिस्क ब्रेक. दहा-बारा हजारांच्या सायकलीवरचं सस्पेन्शन म्हणजे बहुधा आत एक जड स्प्रिंग. चढावर तुम्ही उभं राहून जोर लावता आणि तो जोर चाकाऐवजी त्या स्प्रिंगमध्ये जिरतो. वजन वाढतं ते वेगळंच. त्याच पैशात साधा, ताठ फोर्क असलेली सायकल घेतलीत तर बाकीचे भाग वरच्या दर्जाचे मिळतात. ब्रेकचंही तसंच. हलक्या दर्जाच्या डिस्कपेक्षा चांगले रबरी व्ही-ब्रेक बरे. ते पकडतात नीट आणि त्यांचे रबर कुठेही मिळतात.

याउलट ज्या गोष्टींकडे कुणी बघत नाही त्या नीट पाहा:

- सायकल दोन्ही हातांनी उचला. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टविना राहत असाल तर ही परीक्षा सगळ्यात महत्त्वाची.
- चाक उचलून गरगर फिरवा. ब्रेकच्या रबरापाशी ते एका बाजूला घासत असेल तर चाक ‘आउट’ आहे. आरे कसून मागा.
- मडगार्ड आणि कॅरिअर बसवायला फ्रेमवर भोकं आहेत का? बऱ्याच हायब्रिड मडगार्डविना येतात. कोकणात पहिल्याच पावसात लाल मातीचा पट्टा कमरेपासून मानेपर्यंत पाठीवर उठतो. तेव्हा भोकं शोधून उपयोग नाही.
- ट्यूबचा व्हॉल्व्ह कोणता? मोटारीसारखा जाड असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते. बारीक, वर पितळी चिमटी असलेला असेल तर वेगळा पंप घरात हवा.
- तुमच्या गावात या सायकलीचे भाग मिळतात का? नेहमीच्या मिस्त्रीला विचारूनच घ्या. परगावाहून येणाऱ्या सुट्या भागासाठी महिनाभर थांबावं लागलं की सायकल कपडे वाळत घालायच्या कामाला येते.

ऑनलाइन मागवलेली सायकल खोक्यात अर्धवट जोडलेली येते. हँडल, पेडल, पुढचं चाक तुम्ही बसवायचं आणि ब्रेक-गिअरही तुम्हीच जुळवायचे. जोडणीचे पैसे आणि जोडणारा माणूस दोन्ही आधी ठरवा. पुढचं चाक आणि हँडल कुणा अनुभवी मिस्त्रीने कसल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नका.

दुकानात फक्त सीटवर बसून पाहणं पुरेसं नाही. दहा मिनिटं चालवायला मागा, निदान एक चढ आणि एक गतिरोधक येईल अशी. जो दुकानदार चालवून बघू देत नाही, त्याच्याकडून महागाची सायकल घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

माप आणि सीट: गुडघ्यांचं दुखणं इथेच सुरू होतं

आपली पिढी मोठ्यांच्या सायकलीवर, दांडीखालून पाय घालून, कैची मारत शिकली. मग दांडीवर आणि कधीतरी सीटवर. त्या सगळ्यात एकच गोष्ट अंगात मुरली: पाय जमिनीला टेकले पाहिजेत. आज हीच सवय गुडघ्यांना नडते. दोन्ही तळवे आरामात टेकतील एवढी सीट खाली केली की पेडल वर येताना गुडघा फार दुमडतो. त्याच अवस्थेत जोर लावला की गुडघ्याच्या वाटीभोवती दुखू लागतं. लोक म्हणतात, ‘सायकल सोसत नाही.’ दोष वयाचा नसतो, सीटचा असतो.

सीट लावायची रीत अशी:

1. भिंतीला धरून सीटवर बसा. पायात रोजचे बूट घाला.
2. एक पेडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला झुकता कामा नये.
3. आता टाचेऐवजी चवडा ठेवा. गुडघ्यात हलका बाक येईल. ही तुमची उंची.
4. सीटखालच्या दांड्यावर कमाल मर्यादेची खूण असते. ती बाहेर दिसली तर दांडा लांब घ्या. तशीच चालवू नका.

अशा उंचीवर सीटवर बसून पाय टेकणार नाहीत, फार तर अंगठे टेकतील. घाबरू नका. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं आणि दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहायचं, ही सवय मोकळ्या मैदानात करून घ्या. पण उतरून उभं राहिल्यावर दांडी आणि तुमच्यात तीन-चार सेंटिमीटरही जागा उरत नसेल तर ती फ्रेमच तुमच्यासाठी मोठी आहे. सीट खाली करून तो दोष जात नाही.

गुडघ्याच्या पुढे दुखलं तर सीट थोडी वर घ्या, मागे दुखलं तर थोडी खाली. एका वेळी अर्धा सेंटिमीटरच बदला. तळहाताला मुंग्या येत असतील तर शरीराचा भार हँडलवर पडतोय. हँडल थोडं वर घ्या किंवा जवळ आणा. बुडाखाली जाड जेलचं कव्हर सगळे घालतात, लांबच्या फेरीत ते उलट टोचतं. त्यापेक्षा पॅडची चड्डी घ्या. ती आतल्या कपड्याशिवाय घालायची असते, हे दुकानात कुणी सांगत नाही.

हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सुरुवात आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास. शेजाऱ्याच्या दोनशे किलोमीटरकडे बघू नका.

शिकायचंच राहून गेलं असेल तर

‘भावाला सायकल मिळाली, मला नाही,’ असं लिहिणाऱ्या भगिनी थोड्या नाहीत. साठीतही सायकल शिकता येते. मागून कुणी धरून पळण्याची गरज नाही. सायकल अशी घ्या की सीट पूर्ण खाली केल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकतील. शिकेपर्यंत हीच उंची बरोबर.

मग दोन्ही पेडल काढून टाका. पंधरा नंबरचा पाना लागतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, आणि तिथेच लोक जोर लावून आटे बिघडवतात. पाना वरच्या दिशेला उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही बाजूंची पेडल अशीच सुटतात.

आता किंचित उतार असलेल्या मैदानात सीटवर बसून पायांनी ढकलत चाला. मग लांब ढांगा, मग दोन्ही पाय उचलून घसरत जाणं. नजर चाकाकडे नको, लांब ठेवा. ब्रेक लावून थांबणंही इथेच शिका. पाय उचलून दहा-पंधरा मीटर सरळ जाता आलं की पेडल बसवा. तोल आलेला असतो, पेडल मारणं हा त्यापुढचा किरकोळ भाग आहे.

मुलांसाठीही हीच रीत. मागे लावायची सपोर्टची चाकं मी सुचवत नाही. त्यांच्यामुळे सायकल कलतच नाही, मग तोल सावरायला शिकणार कसं? आणि कपड्यांसारखी ‘वाढत्या अंगाची’ सायकल मुलाला घेऊ नका. मोठ्या सायकलीवर बोटं ब्रेकपर्यंत पोहोचत नाहीत, मूल एकदा जोरात पडतं आणि सायकल गॅलरीत जाते. वय विचारू नका, उंची मोजा:

- ८५ ते १०० सेंटिमीटर: १२ इंची चाक
- १०५ ते १२० सेंटिमीटर: १६ इंची
- ११५ ते १३५ सेंटिमीटर: २० इंची
- १३० ते १५० सेंटिमीटर: २४ इंची

१६ इंचीपासून पुढची मापं एकमेकांत शिरलेली आहेत, ती मुद्दाम. सीमेवरच्या मुलाला लहान माप घ्या. लहान झालेली सायकल चाळीतल्या, सोसायटीतल्या पुढच्या मुलाकडे जाऊ द्या. पूर्वी ती जायचीच.

हवा, तेल, पाऊस

हवेचा दाब टायरच्या बाजूवर छापलेला असतो. अंगठ्याने दाबून अंदाज घेण्याचे दिवस जाड टायरबरोबर गेले. आठवड्यातून एकदा भरा, कमी हवेवर चालवलीत तर खड्ड्यात रिमला आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात.

चेनला महिन्यातून एकदा, पावसाळ्यात प्रत्येक भिजण्यानंतर तेल. आधी फडक्याने पुसा, प्रत्येक कडीवर एक थेंब सोडा, चेन फिरवा आणि वरचं जास्तीचं तेल पुसून टाका. हे शेवटचं पुसणं विसरलात तर धूळ चिकटून काळा लगदा होतो. खोबरेल तेल नको. शिलाई मशीनचं पातळ असल्याने फार टिकत नाही. गंज सोडवणारा फवारा म्हणजे वंगण नव्हे.

माळ्यावरची जुनी सायकल

भंगारवाल्याला हाक मारण्याआधी हँडलखालच्या नळीवरचा बिल्ला पुसून पाहा. रॅले, हंबर, फिलिप्स अशी विलायती नावं असतील, किंवा आसनसोलची सेन-रॅले असेल, तर तिला कदर करणारं गिऱ्हाईक आहे. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे. जुनी सायकल मूळ रूपात कशी दिसते हे तिथे बघून या, मग रंगाचा डबा उघडा. नगरपालिकेच्या सायकल कराचा पत्र्याचा बिल्ला सापडला तर तोही काढू नका. सोनिपतच्या ॲटलसचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. त्यामुळे तीही आता नुसती जुनी सायकल राहिलेली नाही.

चालवायची असेल तर फ्रेमच्या जोडांवर तडा आहे का ते आधी पाहा. तडा असेल तर ती शोभेला ठेवा. नसेल तर टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर, छर्रे, ग्रीस आणि पेडलच्या दांड्याची कॉटर पिन बदलून घ्या. २८ इंची टायर अजून मिळतात. एक लक्षात ठेवा. सळईचे ब्रेक आणि लोखंडी रिम पावसात फारसे पकडत नाहीत, तेव्हा अशी सायकल कोरड्या दिवसांची.

पावती, वॉरंटी, चोरी

२२ सप्टेंबर २०२५पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. पावतीवर तो तसाच लागलाय का बघा. ‘बिल नको असेल तर पाचशे कमी करतो,’ या बोलण्याला भुलू नका. पक्की पावती मागणं हा तुमचा हक्क आहे आणि ती नाकारणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा. फ्रेमचा नंबर, बहुधा पेडलच्या दांड्याखाली कोरलेला, पावतीवर लिहून घ्या.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य पावतीवर छापलं म्हणून सदोष मालाची जबाबदारी टळत नाही. परत घेण्याची मुदत पावतीवर नसेल तर कायद्याने ती तीस दिवसांची धरली जाते. दुकानदार दाद देत नसेल तर आधी लेखी तक्रार द्या, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तेवढ्याने भागलं नाही तर तुमच्या राहत्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही.

चोरी झाली तर किमतीचा मुद्दा येतो. नव्या फौजदारी कायद्यांत पाच हजारांहून कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र धरली आहे. सायकल त्याहून महाग असेल तर पावती दाखवून एफआयआरचा आग्रह धरा, त्याची प्रत मोफत मिळते. कुलूप लावताना फक्त चाक बांधू नका. फ्रेम आणि मागचं चाक एकत्र एखाद्या पक्क्या खांबाला बांधा.

ई-सायकल आणि रस्त्याचे नियम

साध्या सायकलीला परवाना, नोंदणी, विमा काही लागत नाही. मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल तर ई-सायकललाही लागत नाही. दुकानदाराकडे एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेचा दाखला मागा. ‘वेगाची मर्यादा काढून देतो’ असं कुणी म्हटलं तर हात जोडा. ती मर्यादा निघाली की कायद्याच्या लेखी ते मोटार वाहन झालं, आणि तुम्ही परवान्याविना, विम्याविना रस्त्यावर आलात.

सिग्नल आणि नो एंट्री सायकललाही लागू आहेत. समोरून येणारी गाडी दिसते म्हणून उलट्या बाजूने चालवणं हा धोकादायक गैरसमज आहे, डावीकडूनच चला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि वांद्रे-वरळी सागरी सेतूवर सायकलला मनाई आहे. सायकलस्वाराला हेल्मेटची कायदेशीर सक्ती नाही, तरी घाला. पुढे पांढरा, मागे लाल दिवा पहाटेच्या फेरीला हवाच. उभ्या मोटारींच्या रांगेजवळून जाताना उघडणाऱ्या दाराएवढं अंतर ठेवा.

रेल्वेने सायकल न्यायची तर ती तिकिटावरच्या मोफत सामानात धरत नाहीत. पार्सल कार्यालयात वेगळी नोंदवावी लागते, तेव्हा स्टेशनवर वेळ हातात ठेवून जा.

गाडीने धडक दिली तर

आपल्याकडे विमा नाही म्हणजे भरपाई नाही, असं समजून अनेक जण गप्प बसतात. भरपाई धडक देणाऱ्या गाडीच्या विम्यातून मिळते.

1. गाडीचा नंबर टिपा, फोटो काढा, ११२ वर फोन करा.
2. खरचटल्यासारखं वाटलं तरी दवाखान्यात अपघाताची नोंद करून घ्या. २०२५च्या केंद्र सरकारच्या योजनेत नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार रोख न भरता मिळतात. दाखल होतानाच विचारा.
3. पंचनामा होईपर्यंत मोडकी सायकल दुरुस्त करू नका.
4. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात तुम्ही राहता त्या भागातही अर्ज करता येतो. त्यासाठी कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. ‘बघू, बरं वाटल्यावर’ म्हणत ती घालवू नका.
5. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर गंभीर जखमीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना दोन लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात, सोबत एफआयआरची प्रत आणि दवाखान्याचे कागद.